पुसलेली ओळ तळाशी परत येते: बॅकबोनमध्ये डिस्ट्रॉय केल्यावर सर्व्हरवरून नोंद जाते, तरी एरर

पेटीवाला_कोपरखैरणे (बुधवार, रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी. फोनवरून लिहितोय, त्यामुळे कोड चिकटवत नाही, शब्दांत सांगतो. लांबलं तर सांभाळून घ्या, पण सगळं सांगितल्याशिवाय चूक कुठे आहे ते कळणार नाही.

तुर्भ्याच्या फळबाजारात एका गाळ्यावर हिशेबाचं छोटं वेब ॲप चालतं, ते मी सांभाळतो. कोकणातून गाडी आली की मेहताजी काका एकेका बागायतदाराच्या मालाची ओळ भरतात: नाव, गाडी, पेट्या किती, किती डझनी, भाव काय लागला. संध्याकाळी त्यातून गाडीभाडं आणि हमाली वजा होऊन पट्टी छापली जाते. ती पट्टी गावाला जाते आणि तिच्यावर त्या माणसाचे पैसे ठरतात.

ॲप मी लिहिलेलं नाही, तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. पुढे ब्राउझरमध्ये बॅकबोन (स्क्रीनमागच्या नोंदी सांभाळणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी), मागे सर्व्हरवर नोड आणि एक्सप्रेस, नोंदी साठवायला मोंगोडीबी. गेल्या महिन्यात पट्टी छापायचं नवीन प्लगइन बसवायचं होतं, ते जुन्या जेक्वेरीवर चालेना. म्हणून एका रात्रीत जेक्वेरी १.८ वरून ३.७ वर, अंडरस्कोअर १.५ वरून १.१३ वर (बॅकबोन या दोन लायब्रऱ्यांच्या आधाराने चालतो) आणि बॅकबोन १.१ वरून १.६ वर नेलं. ओळ भरून पाहिली, बदलून पाहिली, पट्टी छापून पाहिली. पुसून पाहिली तेव्हा मात्र स्क्रीनकडे नीट बघितलंच नाही, थेट डेटाबेसमध्ये बघितलं. तिथे ओळ गेली होती. झालं म्हटलं आणि पुढे गेलो.

सोमवारी देवगडच्या एका बागायतदारांची ओळ चुकून दोनदा भरली गेली. २२ पेट्या, पाच डझनी. काकांच्या लगेच लक्षात आलं, त्यांनी दुसरी ओळ निवडून 'पुसा' दाबलं. ओळ गेली, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच परत आली. वर लाल पट्टा: 'नोंद पुसता आली नाही'. आणि परत आली ती आपल्या जागेवर नाही, यादीच्या अगदी तळाला. काकांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबेपर्यंत गाळ्यापुढे दुसरी गाडी लागली आणि ते उठले. संध्याकाळी पट्टी छापली गेली ४४ पेट्यांची, कारण छपाई स्क्रीनवरच्या यादीतून होते.

काल त्या बागायतदारांचाच फोन आला. म्हणाले, माझ्या गाडीत बावीस पेट्या होत्या, चव्वेचाळीसचे पैसे मी कसे घेऊ? त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. हेच उलट झालं असतं, म्हणजे असलेली ओळ पट्टीतून गळली असती, तर वर्षभर बाग राखणाऱ्या माणसाचे २२ पेट्यांचे पैसे गेले असते. काका ३१ वर्षं पट्ट्या लिहितायत. त्यांच्या हातून पहिल्यांदा चुकीची पट्टी गेली आणि ती माझ्यामुळे गेली. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. आज सकाळी मात्र त्यांनी कपाटातून जुनी लाल वही काढली, आणि स्क्रीनवर भरलेली प्रत्येक ओळ वहीतही लिहायला सुरुवात केली. माझे वडील याच बाजारात माथाडी होते. काका मला चड्डीत फिरायचो तेव्हापासून ओळखतात. ती वही बघून मला गाळ्यावर उभं राहवेना.

आता मला काय दिसतंय ते. नेटवर्क टॅबमध्ये डिलीटची विनंती जाते, स्टेटस २०० येतो, म्हणजे काम झालं, डेटाबेसमधून नोंद जाते. तरी काम झाल्यावर चालायचा तो सक्सेस कॉलबॅक चालत नाही, फसल्यावर चालायचा तो एरर कॉलबॅक चालतो. दुसऱ्यांदा पुसायला गेलं की ४०४ येतो, ते समजू शकतो, कारण नोंद आधीच गेलेली आहे. पण पहिल्यांदा एरर का?

हा लाल पट्टा टाळायला काल रात्री एक उपाय करून पाहिला. आधी कलेक्शनमधून (बॅकबोनमधली ओळींची यादी) मॉडेल (त्यातली एक ओळ) स्वतःच रिमूव्ह केलं आणि मग त्यावर डिस्ट्रॉय, म्हणजे पुसायची आज्ञा, बोलावलं. त्यावर कन्सोलमध्ये वेगळीच एरर: 'अ यूआरएल प्रॉपर्टी ऑर फंक्शन मस्ट बी स्पेसिफाइड'. ते परत काढून टाकलं.

आणखी दोन त्रास आहेत, कदाचित याच्याशी संबंध असेल. पहाटेच्या कच्च्या ओळी एकदम काढायला 'कच्च्या पुसा' असं बटण आहे. पाच ओळी असल्या तर तीन जातात, दोन राहतात, आणि कन्सोलमध्ये 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइंड, रीडिंग डिस्ट्रॉय'. पूर्वीही काका म्हणायचे की ते बटण दोनदा दाबावं लागतं, पण एरर कधी येत नव्हती. आणि नवीन ओळ उघडून, जतन न करताच पुसली, तर 'डिस्ट्रॉय डॉट डन इज नॉट अ फंक्शन'.

उद्या पहाटे पुन्हा गाड्या आहेत. तूर्त काकांना सांगितलंय की पुसलं की पान रिफ्रेश करा, मगच छापा. कुणी रस्ता दाखवला तर फार उपकार होतील.

सानपाडा_०७ (रात्री ११.४८)

मोंगो म्हटलं की माझा पहिला संशय आयडीवर. बॅकबोन मॉडेलची ओळख 'आयडी' या नावाच्या गुणधर्मावरून धरतो. मोंगो ती अंडरस्कोअर लावून 'अंडरस्कोअर-आयडी' अशी पाठवतो. मॉडेलवर आयडीॲट्रिब्यूट, म्हणजे ओळख कोणत्या नावाखाली शोधायची ते, लिहिलेलं नसेल तर बॅकबोनला वाटतं हे मॉडेल अजून सर्व्हरवर गेलेलंच नाही, नवीनच आहे. मग डिस्ट्रॉय केलं तर तो सर्व्हरला काही विचारतच नाही. ते एकदा बघा. सकाळी लवकरची पाळी आहे, नंतर सविस्तर लिहितो.

पेटीवाला_कोपरखैरणे (रात्री १२.०५)

दादा, धन्यवाद. ओळीच्या मॉडेलवर आयडीॲट्रिब्यूट आहे, आधीच्या माणसाने व्यवस्थित लिहिलंय. माझ्याकडे विनंती जातेय आणि २००ही येतोय, त्यामुळे हे कारण नसावं.

पण तुम्ही म्हणालात म्हणून गाडीचं मॉडेल उघडून पाहिलं. ते मी या जानेवारीत लिहिलं. तिथे आयडीॲट्रिब्यूट नाही! आत्ता एक खोटी गाडी भरली, पान रिफ्रेश केलं, मग ती पुसली. सक्सेस कॉलबॅक चालला, हिरवा पट्टा आला, यादीतून गाडी गेली. नेटवर्क टॅबमध्ये मात्र एकही विनंती नाही. परत रिफ्रेश केलं तर गाडी जागच्या जागी. म्हणजे जानेवारीपासून कुणी गाडी पुसली असेल तर ती पुसलीच गेलेली नाही. हे आत्ता दुरुस्त केलं. मूळ प्रश्न तसाच आहे.

खाडीकाठ_ठाणे (गुरुवार, सकाळी ७.३५)

तुमचा प्रश्न पहाटे वाचला आणि घरातून निघायच्या आधी उत्तर लिहायला बसले. हा प्रश्न मी स्वतः भोगलेला आहे, त्यामुळे कारण लगेच ओळखू आलं. तुमचा सर्व्हर नोंद पुसल्यावर २०० पाठवतो, पण सोबत काहीच मजकूर पाठवत नाही. रिकामं पाकीट. नेटवर्क टॅबमध्ये त्या विनंतीचा 'रिस्पॉन्स' उघडा, कोरा दिसेल.

बॅकबोन स्वतः सर्व्हरशी बोलत नाही, तो जेक्वेरीच्या एजॅक्सला (विनंत्या पाठवणारा भाग) पुढे करतो आणि सांगतो की उत्तर जेसन, म्हणजे ठरलेल्या साच्यातला मजकूर, असेल. जेक्वेरी १.८ पर्यंत रिकामं उत्तर आलं तर ती ते चालवून घ्यायची, नल समजून सक्सेस द्यायची. १.९ पासून, म्हणजे जानेवारी २०१३ पासून, हे बदललं. कोरा मजकूर हा वैध जेसन नाही, म्हणून तो वाचताना चूक झाली असं ती धरते आणि एरर कॉलबॅक चालवते. स्टेटस २०० असला तरी. तुम्ही १.८ वरून थेट ३.७ वर उडी मारलीत, त्यामुळे इतकी वर्षं झाकलेली गोष्ट एका रात्रीत उघडी पडली. पुसण्याचा कोड तुम्ही बदललाच नव्हता, म्हणून संशयही तिकडे गेला नाही.

खात्री करायची असेल तर एरर कॉलबॅकमध्ये तिसरा जो ऑप्शन्स येतो, त्यातलं टेक्स्टस्टेटस कन्सोलवर छापा. तिथे 'पार्सरएरर' दिसेल, म्हणजे आलेलं उत्तर वाचता आलं नाही. खरोखर सर्व्हरने नकार दिला असता तर नुसतं 'एरर' दिसलं असतं. हा एक शब्द बघायची सवय लावली असती तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

दुरुस्ती सर्व्हरवर करा. एक्सप्रेसच्या डिलीटच्या रूटमध्ये (सर्व्हरवर त्या विनंतीला उत्तर देणारा कोड) बहुतेक स्टेटस २०० आणि पुढे नुसतं एंड असेल. त्याऐवजी स्टेटस २०४ पाठवा. २०४चा अर्थच 'काम झालं, सांगण्यासारखं काही नाही' असा, आणि जेक्वेरी २०४ आला की मजकूर वाचायला जातच नाही, सक्सेस देते. २००च ठेवायचा असेल तर सोबत रिकामं का होईना, ऑब्जेक्ट जेसन म्हणून पाठवा. फक्त सेंडस्टेटस २०० लिहू नका. एक्सप्रेस त्यात 'ओके' हा शब्द मजकूर म्हणून पाठवतो, आणि नुसता 'ओके' हाही जेसन नाही. पुन्हा पार्सरएरर. मी आधी हेच केलं होतं आणि एरर जात नाही म्हणून भलतीकडेच शोधत बसले होते.

आता ती ओळ तळाला का येते. तुमच्या सगळ्या लिखाणात मला हीच खूण सगळ्यात मोलाची वाटली. बॅकबोन पुसलेलं मॉडेल कधीच आपणहून परत आणत नाही. म्हणजे तुमच्या एरर कॉलबॅकमध्ये कुणीतरी कलेक्शनला ॲड लिहिलेलं आहे. ॲड केलेलं मॉडेल शेवटी जाऊन बसतं, कलेक्शनला क्रम लावायचा नियम दिलेला नसेल तर. आधीच्या माणसाचा हेतू चांगला होता: सर्व्हरने नकार दिला तर ओळ हरवू नये. पण तसं करायची गरज का पडली? कारण डिस्ट्रॉय साधा बोलावला की बॅकबोन सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत नाही. विनंती धाडतो आणि त्याच क्षणी 'डिस्ट्रॉय' इव्हेंट उडवतो, तो ऐकून कलेक्शन ओळ काढून टाकतं. उत्तर मागाहून येतं. म्हणजे काकांना दिसलेलं 'गेली' हा बॅकबोनचा अंदाज होता आणि 'परत आली' ही तुमच्या कोडची समजूत. दोन्ही वेळा सर्व्हरवर काय घडलं ते स्क्रीनला माहीतच नव्हतं.

म्हणून डिस्ट्रॉयला वेट ट्रू द्या. मग सर्व्हरने होकार दिल्यावरच ओळ कलेक्शनमधून जाते, आणि नकार आला तर ती मुळात हललेलीच नसते. एरर कॉलबॅकमधलं ॲड काढून टाका. एक गोष्ट मात्र सोबत करावी लागेल. वेट दिल्यावर बटण दाबूनही ओळ क्षणभर जागेवर राहते, आणि बाजारात नेटवर्क मंद असेल तर तो क्षण लांबतो. माणूस पुन्हा दाबतो, दुसरी विनंती जाते, तिला ४०४ मिळतो. मॉडेल सर्व्हरशी बोलायला निघालं की 'रिक्वेस्ट' इव्हेंट उडतो. तो ऐकून ओळ फिकी करा आणि बटण बंद करा. 'एरर' आला तरच परत चालू करा. आणि पुसताना ४०४ आला तर लाल पट्टा दाखवू नका. नोंद नाही म्हणजे हवं ते झालेलंच आहे. ओळ यादीतून काढा आणि पुढे जा.

तुमच्या परवाच्या उपायाबद्दल. मॉडेलला स्वतःचा पत्ता नसतो, तो ते कलेक्शनकडून घेतं. कलेक्शनमधून रिमूव्ह केलं की बॅकबोन मॉडेलवरचा कलेक्शनचा संदर्भही काढून घेतो. मग डिस्ट्रॉयने विनंती पाठवायची कुठे? म्हणून यूआरएल नसल्याची एरर. मॉडेलवर यूआरएलरूट लिहून ती जाईल, पण तुम्ही तो रस्ता सोडलात ते बरंच झालं.

न जतन केलेल्या ओळीचंही सांगून टाकते. नवीन मॉडेलवर डिस्ट्रॉय केलं तर विनंती जात नाही आणि डिस्ट्रॉय फॉल्स परत देतो. फॉल्सवर डन, म्हणजे 'विनंती पुरी झाली की हे कर', कसा बोलावणार? पुढचं काम डनमध्ये न लिहिता सक्सेस कॉलबॅकमध्ये लिहा, तो नवीन मॉडेललाही चालतो. अर्थात तुमच्या गाडीच्या मॉडेलने काल तुम्हाला फसवलं ते याच सक्सेसने. जिथे आयडी असायलाच हवी तिथे डिस्ट्रॉयच्या आधी इझन्यू (मॉडेल नवीन आहे का) विचारून घ्या.

८.१०ची वाशी लोकल पकडायची आहे. 'कच्च्या पुसा'चं संध्याकाळी लिहिते, आधी कुणी लिहिलं तर उत्तम.

वागळे_रात्रपाळी (गुरुवार, दुपारी १.१५)

ताईंनी मुख्य काम केलंय, 'कच्च्या पुसा' माझ्याकडे. रात्रपाळी करून झोपून उठलो आणि कागद घेऊन बसलो, कारण हे कागदावरच कळतं. तुम्हीही एकदा मांडा.

पाच ओळी समजा: अ, ब, क, ड, इ. बटणामागे ईच असणार, म्हणजे एकेका ओळीवरून फिरणारं लूप. ईच पहिल्या जागेवर जातो, तिथे अ. पुसली. कलेक्शन त्याच ॲरेतून अ कापून काढतं, बाकीच्या पुढे सरकतात: ब, क, ड, इ. ईच आता दुसऱ्या जागेवर. तिथे आता क आहे, ब नाही! क पुसली. उरल्या ब, ड, इ. तिसऱ्या जागेवर इ. पुसली. उरल्या ब आणि ड. ईचने सुरुवातीलाच पाच मोजून ठेवलेत, त्यामुळे तो चौथ्या जागेवर जातो. तिथे काही नाही, अनडिफाइंड. त्याच्यावर डिस्ट्रॉय बोलावला की तुमची एरर. तीन गेल्या, दोन राहिल्या. राहिलेल्या कोणत्या ते तपासा, दुसरी आणि चौथीच असतील.

पूर्वी एरर का नव्हती? जुना अंडरस्कोअर ब्राउझरचा स्वतःचा फोरईच वापरायचा. तो रिकाम्या झालेल्या जागा मुकाट सोडून देतो. ओळी तेव्हाही राहायच्या, फक्त आवाज नव्हता. म्हणून काकांना बटण दोनदा दाबावं लागायचं. १.७ पासून अंडरस्कोअरने ते सोडून स्वतःचं लूप लिहिलं, आणि ते जागा रिकामी असली तरी बोलावतंच. काकांची जुनी तक्रार खरी होती.

उपाय सोपा. कलेक्शनवर फिरू नका, त्याची प्रत काढून प्रतीवर फिरा. कलेक्शनला टूअॅरे सांगितलं की वेगळा ॲरे मिळतो, त्यातल्या प्रत्येकावर डिस्ट्रॉय. किंवा मॉडेल्सचा स्लाइस घ्या, गोष्ट एकच. वेट ट्रू दिल्यावर लूप चालू असताना काही कापलंच जात नाही, त्यामुळे प्रतीशिवायही चालेल. तरी प्रत काढाच. उद्या कुणी वेट काढला तर तेच पुन्हा.

एक मात्र करू नका. 'पहिलं मॉडेल आहे तोवर ते पुसत राहा' असा व्हाइल लूप बऱ्याच जुन्या उत्तरांत दिसतो. साध्या डिस्ट्रॉयला तो चालतो. वेट ट्रूसोबत पहिलं मॉडेल जागचं हलतच नाही, लूप अनंत फिरतो आणि टॅब गोठतो. पहाटेच्या गाडीला ते परवडणार नाही.

आणि पाच ओळींना पाच विनंत्या जातात. मध्येच नेटवर्क गेलं तर दोन पुसल्या, तीन राहिल्या. मी असतो तर सर्व्हरवर एकच रूट केला असता, आयड्यांची यादी पाठवायची, तिथे डिलीटमेनी (सगळ्या एकदम पुसणं), आणि उत्तर आल्यावर कलेक्शन नव्याने फेच, म्हणजे सर्व्हरवरून परत आणणं.

पेटीवाला_कोपरखैरणे (गुरुवार, रात्री १०.५०)

ताई, दादा, कसे आभार मानू. गाळ्यावरून आल्या आल्या बसलो.

टेक्स्टस्टेटस छापलं: 'पार्सरएरर', अक्षरशः. रिस्पॉन्स कोरा. एक्सप्रेसच्या रूटमध्ये स्टेटस २०० आणि एंड, तुम्ही लिहिलंत तसंच. २०४ केलं आणि पहिल्याच वेळी हिरवा पट्टा आला. वेट ट्रू घातलं, एरर कॉलबॅकमधलं ॲड काढलं, ओळ फिकी करायचं जोडलं. पाच कच्च्या ओळी भरून जुन्या कोडने पुसून पाहिल्या, आणि राहिल्या त्या दुसरी आणि चौथीच. कागदावर तुम्ही लिहिलंत तेच स्क्रीनवर घडताना बघून अंगावर काटा आला. आता टूअॅरे घातलंय, पाचही जातात. डिलीटमेनीचा रूट रविवारी, गाड्या कमी असतात.

एक विचारायचं राहिलं. आज काकांना सगळं दाखवलं. ओळ फिकी होते, मग जाते. त्यांनी पाहिलं, मान हलवली, आणि विचारलं, "गेली ती कुठे गेली?" मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणालो, गेली म्हणजे गेली. त्यांनी लाल वही उघडी केली. तिथे चुकलेल्या ओळीवर एक सरळ काट मारलेली होती, खालचा आकडा स्पष्ट वाचता येत होता, बाजूला त्यांची बारीक सही. ते पुढे काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना जे हवंय ते माझ्याकडे नाहीच.

खाडीकाठ_ठाणे (शुक्रवार, सकाळी ७.२०)

काकांनी विचारलं ते मी विचारायला हवं होतं. काल मी डिस्ट्रॉय नीट कसा करायचा ते सांगत बसले, आणि हिशेबाच्या ओळीवर डिस्ट्रॉय असावाच का, हे माझ्या मनात आलं नाही.

माझ्या आजोबांचं नौपाड्यात किराणा दुकान होतं. त्यांच्या वहीत खोडरबर चालायचा नाही, ब्लेडने खरवडलेलं तर मुळीच नाही. चुकलं की एक काट, बाजूला बरोबर आकडा, सही. खालचं वाचता आलंच पाहिजे, कारण गिऱ्हाईकाने उद्या विचारलं तर दाखवायचं काय? तुमच्या देवगडच्या बागायतदारांचंच बघा. ती दुहेरी ओळ तुम्ही डेटाबेसमधून खरोखर पुसलीत. ४४ची पट्टी त्यांच्या हातात आहे आणि तुमच्याकडे २२चीच नोंद. ४४ कुठून आले हे दाखवायला आज तुमच्याकडे काही नाही. काकांची वही आहे, पण ती दोन दिवसांनंतर सुरू झाली.

ओळीच्या मॉडेलमध्ये 'रद्द' असा एक गुणधर्म घाला, सोबत कुणी आणि केव्हा. 'पुसा' बटण दाबलं की डिस्ट्रॉय न करता सेव्ह करा, ऑप्शन्समध्ये पॅच ट्रू आणि वेट ट्रू. पॅच दिला की बॅकबोन फक्त तेवढेच गुणधर्म पाठवतो, सगळी ओळ नाही, त्यामुळे दुसऱ्या कुणी तेवढ्यात भाव बदलला असेल तर तो पुसला जात नाही. वेळ सर्व्हरवर टाका, टॅबलेटच्या घड्याळावर नको. आणि लक्षात ठेवा, पॅचच्या उत्तरालाही तोच नियम आहे: जेसन पाठवा किंवा २०४, कोरा २०० नको.

रद्द ओळ यादीतून घालवू नका. जागेवरच राहू द्या, काट मारलेली, फिकी. तळाला तर मुळीच नाही.

छपाईचंही बदला. पट्टी स्क्रीनवरच्या यादीतून छापणं हेच सोमवारच्या घोटाळ्याचं दुसरं मूळ आहे. छापायच्या आधी त्या बागायतदाराच्या ओळी सर्व्हरवरून नव्याने आणा, रद्द नसलेल्याच घ्या, आणि बेरीज तिथेच करा. ते झालं की काकांना रिफ्रेश करायला सांगावं लागणार नाही.

डिस्ट्रॉय कच्च्या ओळींपुरता ठेवा.

सानपाडा_०७ (शुक्रवार, रात्री ९.१०)

ताईंच्या म्हणण्यात एक भर. रद्द केलेल्या ओळी बेरजेतून वगळायचं काम एकाच ठिकाणी लिहा, सर्व्हरवर. आमच्याकडे ते चार स्क्रीनवर चार वेळा लिहिलं होतं आणि एका स्क्रीनवर राहून गेलं. दोन महिने एक अहवाल चुकत होता. आणि जानेवारीपासून न पुसल्या गेलेल्या गाड्या शोधून काढा, पेटीवाला. त्यांच्या नावावर कुठे भाडं लागलंय का बघा.

पेटीवाला_कोपरखैरणे (रविवार, रात्री ९.४०)

सगळं करून मगच लिहितोय.

न पुसल्या गेलेल्या गाड्या तीन निघाल्या. दोन चाचणीच्या होत्या. तिसरी खरी होती, तिच्यावर भाडं लागलेलं नव्हतं. सानपाडाचे दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी बघितलंच नसतं.

ओळीसाठी रद्दचा गुणधर्म, पॅच, वेट, सर्व्हरची वेळ, हे शुक्रवारी रात्री केलं. मध्येच अडकलो होतो: पॅचच्या रूटमध्ये सवयीने एंड लिहिला आणि लाल पट्टा आला. या वेळी टेक्स्टस्टेटस आधी छापलं, अर्ध्या मिनिटात कळलं. छपाई आता सर्व्हरच्या बेरजेवरून होते, आणि ती बेरीज एकाच ठिकाणी आहे. कच्च्या ओळींचा डिलीटमेनीचा रूट आज दुपारी चालू केला.

देवगडला काकांनी स्वतः फोन केला, २२ पेट्यांची दुरुस्त पट्टी पाठवली. मी त्या बागायतदारांची माफी मागितली. ते म्हणाले, पुढच्या खेपेला पंचवीस पेट्या येतील, तेव्हा पंचवीसच लिहा.

लाल वही अजून काकांच्या गादीवरच आहे. ती कपाटात ठेवा असं मी म्हणणार नाही. आज दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनीच मला शेजारी बसवलं आणि ताळा करायला घेतला. ते वहीतली ओळ वाचत होते, मी स्क्रीनवर बोट ठेवत होतो. वहीत ६१ ओळी, स्क्रीनवर ६१. वहीत दोन ओळींवर काट. स्क्रीनवरही त्याच दोन, जागच्या जागी, पुढे काकांचं नाव आणि वेळ.